गलत रिपोर्ट

लक्ष्मीदेवी : बॅग तिथंच ठेव, विनोद. हात लावू नकोस. यांचे कपडे मी परत कपाटात ठेवणार आहे.

विनोद : आई, खाली गाडी उभी आहे. देवनहळ्ळीच्या केअर होमवाल्यांनी स्वतःची गाडी पाठवलीय, सोबत नर्स आहे. काल फोनवर तूच "सरी" म्हणालीस ना?

लक्ष्मीदेवी : सरी म्हणजे ऐकू आलं. सरी म्हणजे कबूल असं कोण म्हणालं? बेंगळुरात जन्मलास, वाढलास, आणि एवढं कळत नाही होय तुला?

विनोद : महिनाभराची ट्रायल आहे फक्त. चोवीस तास माणसं, फिजिओ तिथंच, समोर लॉन. अण्णांना खिडकीतून एअरपोर्टची विमानं दिसतील.

विठ्ठलराव : क्वार्टर गार्ड.

विनोद : काय म्हणाले?

लक्ष्मीदेवी : क्वार्टर गार्ड. पलटणीत गुन्हा केलेल्या शिपायाला कोंडतात ती खोली. तुझं लॉन आणि तुझी विमानं बरोबर ओळखली त्यांनी.

विनोद : काहीही ओळखलं नाही त्यांनी. स्ट्रोक झाल्यापासून तेच दहा-पंधरा फौजी शब्द फिरवून फिरवून बोलतात. अर्थ तू लावतेस, आणि तुला हवा तसा लावतेस.

लक्ष्मीदेवी : थेरपीवाली प्रतिमा काय म्हणाली? डोकं शाबूत आहे, शब्द तेवढे हरवलेत. वर्षानुवर्षं मैदानात ओरडून ओरडून घोकलेलं तोंडात राहिलंय, बाकीचं सापडत नाही. तुझ्यासमोर म्हणाली ती.

विनोद : ते गणपतीच्या सुमारास. मंगळवारच्या प्रकाराआधी.

लक्ष्मीदेवी : मंगळवारचं काढू नकोस.

विनोद : का नको? मंगळवारमुळेच गाडी आणलीय ना मी? सुभेदार विठ्ठलराव, ज्यांच्या बुटांत तोंड दिसायचं, ते अनवाणी यशवंतपूरच्या मार्केटात! हातात ग्लुकोजचा डबा. बिंदुमाधवच्या मेडिकलमधून उचलला आणि पैसे न देता निघाले. लोक मागं धावले. हमाल म्हणतायत चोर आहे, कांदेवाला म्हणतो प्यायलाय. कुणीतरी ढकललं, कोपर फुटलं. मी बेळ्ळंदूरला मीटिंगमध्ये होतो, आई. पोलिसाचा फोन आला. "हे तुमचे वडील का? काहीतरी हिंदीत ओरडतायत." मी पोचेपर्यंत ते एका पोत्यावर बसले होते आणि डबा सोडायला तयार नव्हते.

विठ्ठलराव : सिव्हिलियन.

विनोद : बघ. यावर उत्तर काय, तर सिव्हिलियन.

लक्ष्मीदेवी : बरोबरच आहे की. म्हातारा माणूस दुकानात काही मागतोय, ते समजून घ्यायचं सोडून ढकलतात. त्यांना आणखी काय म्हणायचं?

विनोद : आणि घरात काय सापडलं? स्वयंपाकघरभर साखर. डबा उपडा, मुंग्या लागलेल्या. तूच सांगितलंस, "मला डुलकी लागली, तेवढ्यात यांनी साखरेशी खेळ मांडला आणि दार उघडून गेले." तुझे शब्द आहेत, आई. साखरेशी खेळणारा माणूस शुद्धीवर असतो का?

विठ्ठलराव : गलत.

लक्ष्मीदेवी : तुम्ही बसा हो. उठू नका, पाय लटपटतोय.

विठ्ठलराव : गलत रिपोर्ट!

विनोद : काय म्हणतायत?

लक्ष्मीदेवी : म्हणतात, जायचं नाही.

विठ्ठलराव : नहीं! गलत रिपोर्ट. सिक रिपोर्ट.

लक्ष्मीदेवी : बरं वाटत नाही म्हणतात. आता आजारी माणसाला त्या रस्त्यानं हेब्बाळच्या गर्दीतून कुठं नेतोस? गाडी परत पाठव. मी चहा टाकते.

विनोद : आई, सिक रिपोर्ट म्हणताना त्यांनी बोट स्वतःकडे नाही केलं. तुझ्याकडे केलं.

लक्ष्मीदेवी : हात थरथरतो त्यांचा. कुठंही जातं बोट.

विनोद : उजवा थरथरतो. हे डावं बोट आहे.

लक्ष्मीदेवी : अय्यो, आता बोटांचा हिशेब काढणार का? बाजूला हो, मला आत जाऊ दे.

विनोद : थांब. तू इथंच थांब आणि मध्ये बोलू नकोस. अण्णा, माझ्याकडे बघा. सिक रिपोर्ट कुणाची? तुमची?

विठ्ठलराव : नहीं.

विनोद : आईची?

विठ्ठलराव : ठीक!

लक्ष्मीदेवी : विनोद, तू कधीपासून यांच्याशी असा बोलायला लागलास? तुला तर ती भाषा येत नाही.

विनोद : येत नाही असं मी म्हणालो नाही कधी. बोलत नाही, म्हणालो. अण्णा, मंगळवारी. नफरी किती?

विठ्ठलराव : नफरी दो. एक हाजिर. एक डाउन.

विनोद : घरात माणसं दोन. त्यातलं एक पडलं.

लक्ष्मीदेवी : मी पडले नाही. बसले होते.

विनोद : अण्णा, मग? तुम्ही काय केलंत?

विठ्ठलराव : स्टॅण्ड टू! स्टॅण्ड टू! स्टॅण्ड टू!

विनोद : हळू, हळू. कळलं. हल्ला झाला की ओरडतात ते. सगळ्यांनी उठा, हत्यार घ्या. कुठं ओरडलात? गॅलरीत? मग कोण आलं?

विठ्ठलराव : सिव्हिलियन... ही ही ही.

विनोद : हसले?

विठ्ठलराव : ठीक.

विनोद : समोरचे?

लक्ष्मीदेवी : रोजच ओरडतात ना हे गॅलरीतून. पोरं खालून "येस सर" म्हणून सलाम ठोकतात. त्यांना काय ठाऊक, त्या दिवशीचं खरं होतं म्हणून.

विनोद : म्हणजे त्या दिवशीचं खरं होतं.

लक्ष्मीदेवी : मी चहा टाकते म्हटलं ना.

विनोद : आई.

लक्ष्मीदेवी : सकाळचं इन्सुलिन घेतलं, आणि इडलीचं पीठ वाटत बसले. खायचं राहून गेलं. हात गार पडले, डोळ्यांपुढं अंधार झाला, तेवढं आठवतंय. जाग आली तेव्हा जमिनीवर होते. तोंडात, गालांवर, केसांत साखर. त्यांनी मुठीनं भरली असणार. एका हातानं डबा उघडायला गेले आणि तो सांडला असणार.

विनोद : आणि मग ते ग्लुकोज आणायला गेले.

विठ्ठलराव : एमआय रूम!

विनोद : दवाखान्यात. मेडिकलला हे एमआय रूम म्हणत होते. दुकानात उभं राहून एमआय रूम, एमआय रूम ओरडत होते आणि कुणाला कळेना, म्हणून डबा उचलला. बायको घरात बेशुद्ध पडलीय हे सांगायला शब्द नाही यांच्याकडे, आणि सगळं मार्केट म्हणतंय प्यायलाय. मीही तेच... तेच नाही, पण जवळपास तेच. गाडीत बसवताना त्यांच्यावर ओरडलो मी. "काय लावलंय हे" म्हणालो.

लक्ष्मीदेवी : तुझी चूक नाही.

विनोद : नाहीच माझी! तू मला सांगितलंस ते साखरेशी खेळले म्हणून! त्यांनी तुझा जीव वाचवला आणि तू त्यांना वेडं ठरवलंस. त्यांच्यासमोर. ते इथं बसून ऐकत होते, सगळं कळत होतं त्यांना, आणि खोटं आहे एवढंसुद्धा म्हणता येत नव्हतं.

लक्ष्मीदेवी : म्हणत होते. चार दिवस म्हणतायत, गलत रिपोर्ट, गलत रिपोर्ट. मीच सांगत नव्हते तुला.

विनोद : पण का?

लक्ष्मीदेवी : का म्हणजे? खाली उभी आहे ती गाडी म्हणून! यांच्या एकट्यासाठी एक सीट आणलीस. मी पडले असं कळलं असतं तर दोन आणल्या असत्यास. हे घर मी बांधून घेतलंय, विनोद. हे सीमेवर होते तेव्हा उन्हात उभी राहून, गवंड्यांशी कानडीत भांडून. इथून मला कुणी उचलून नेणार नाही. मला वाटलं यांचं काय, लोक बोलतातच आहेत, एक गोष्ट वाढली. आणि मग तू काल फोन केलास की एकट्या अण्णांना नेतो. तेव्हापासून यांच्याकडे बघवत नाही मला.

विनोद : तरी आजही खोटा अर्थ सांगितलास.

लक्ष्मीदेवी : सांगितला. आणखी सांगितला असता. तुला भाषा येते हे ठाऊक असतं तर जास्त हुशारीनं सांगितला असता.

विठ्ठलराव : ढीला.

लक्ष्मीदेवी : हो, आहे मी ढिली. तुम्ही बोलू नका. सगळं फोडलंत.

विनोद : ठीक आहे. आता ऐक. यानंतर तर काही प्रश्नच नाही. एक बोलू शकत नाही, दुसरं कधी पडेल सांगता येत नाही. दोघांनाही यावं लागेल. तिथं खोली मिळेल तुलाही. म्हणजे... लेडीज विंग वेगळी आहे, पण जेवायला एकत्र.

विठ्ठलराव : थम!

विनोद : अण्णा, ओरडू नका.

विठ्ठलराव : बडी. बडी. बडी.

लक्ष्मीदेवी : तो अर्थ मी सांगत नाही. तूच सांग.

विनोद : बडी म्हणजे जोडीदार. दोन-दोनची जोडी लावून देतात. खाणं, झोपणं, पहारा, सगळं बरोबर. बडीला सोडून कुणी आला तर त्याला पलटणीत तोंड दाखवायला जागा नसते.

लक्ष्मीदेवी : सगळंच येतंय की तुला! आणि आम्ही समजत होतो, तुला यातलं अक्षर ठाऊक नाही. गेल्या वर्षी बेळ्ळंदूरला तुझ्या मित्रांसमोर हे काही बोलले की तू मान वळवायचास. मला वाटायचं, लाज वाटते.

विनोद : लाज नाही वाटत.

लक्ष्मीदेवी : मग काय?

विनोद : भीती. अजूनही. बायकोला, रम्यालासुद्धा सांगितलेलं नाही मी. ऑफिसात कुणी जोरात "रिपोर्ट" म्हणालं तरी माझी पाठ ताठ होते. हे सुट्टीवर आले की घर म्हणजे बराक व्हायची, आठवतं तुला? सकाळी अंगणात गिनती. मी एकटाच उभा आणि हे गिनती घेणार. केस वाढले, ढीला. दूध सांडलं, फटीग, म्हणजे सगळं अंगण झाडायचं. आणि सातवीत कानडीत नापास झालो तेव्हा काय केलं?

लक्ष्मीदेवी : जुनं आहे ते.

विनोद : पिट्ठू. दप्तरात विटा भरल्या, पाठीवर बांधलं, आणि गल्लीला फेऱ्या मारायला लावल्या. रविवार होता. सगळी गल्ली बाहेर बसलेली. तेव्हाही हसलेच होते लोक. आणि हे कोपऱ्यावर उभे राहून ओरडत होते, "तेज चल, रंगरूट!" मी यांचा रंगरूट नव्हतो. मी मुलगा होतो.

लक्ष्मीदेवी : त्यांना तेवढंच ठाऊक होतं रे. त्यांनाही तसंच वाढवलं पलटणीनं.

विनोद : असेल. मला दुसरं काहीतरी हवं होतं. त्या दिवशी ठरवलं, यातला एक शब्द माझ्या तोंडातून निघणार नाही. आणि आता बघ नशीब. यांचं सगळं गेलं, माझं नावसुद्धा येत नाही यांना, आणि राहिलं काय, तर नेमकं तेच! मला यांच्याशी बोलायचं तर त्याच भाषेत बोलावं लागणार. मी देवनहळ्ळीला नेतोय ते यांच्या काळजीनं, हे खरं आहे. पण ते ऐकावं लागू नये म्हणूनही नेतोय. झालं समाधान?

(खाली गाडीचा हॉर्न वाजतो.)

विठ्ठलराव : पिट्ठू.

विनोद : हो. पिट्ठू.

विठ्ठलराव : पिट्ठू... माफ?

लक्ष्मीदेवी : काय म्हणतायत? हा शब्द नाही ऐकला मी कधी यांच्या तोंडून.

विनोद : शिक्षा चालू असते ना, तेव्हा कवायत शिकवणाऱ्या उस्तादाच्या मनात आलं की तो म्हणतो, "माफ". म्हणजे शिक्षा उठवली. उस्तादच म्हणू शकतो ते.

लक्ष्मीदेवी : पण ते विचारतायत. तुला विचारतायत, विनोद.

विनोद : कळलंय मला.

लक्ष्मीदेवी : मग बोल की काहीतरी.

विनोद : नाही. आज नाही, अण्णा. तुम्ही विचारलंत, मी ऐकलं. पण माफ असं आज माझ्या तोंडून निघत नाही, आणि खोटी रिपोर्ट मी देणार नाही. या घरात झाल्या तेवढ्या पुरे झाल्या.

विठ्ठलराव : ठीक.

लक्ष्मीदेवी : काय माणसं आहात तुम्ही दोघं! एक मागतो, एक देत नाही, आणि दोघंही ताठ.

विनोद : तू काही कमी ताठ नाहीस.

लक्ष्मीदेवी : मग ताठपणे सांगते, ऐक. आम्ही दोघं इथून हलणार नाही. सहा महिने हा माणूस आठवड्यातून दोनदा थेरपीला जातो. "पाणी" या एका शब्दासाठी घाम फुटतो त्यांना. तरी जातात. सगळ्या जगाचे शब्द त्यांनी परत शिकायचे, आणि जगानं त्यांचे पाच शब्द शिकायला काय झालं? गल्लीत पस्तीस घरं असतील. बिंदुमाधवचं मेडिकल आहे, तो मार्केटातला रिक्षास्टँड आहे. एमआय रूम म्हणजे औषध. स्टॅण्ड टू म्हणजे धावून या. यात अवघड काय आहे? हसायला येतं त्यांना, तर शिकायलाही येईल. आणि कोंडायचंच असेल कुणाला, तर ढकलणाऱ्याला कोंडा. यांना नाही.

विनोद : आणि तुझी शुगर?

लक्ष्मीदेवी : तपासते.

विनोद : नुसतं तपासते नाही. दिवसभरासाठी बाई लावणार मी. नको म्हणायचं नाही. आणि पुन्हा पडलीस आणि मला सांगितलं नाहीस, तर दोघांना उचलून नेईन.

लक्ष्मीदेवी : उचलून तर बघ.

विनोद : बाई?

लक्ष्मीदेवी : सरी.

विनोद : कुठला सरी? ऐकू आलं, की कबूल?

लक्ष्मीदेवी : कबूल. पण भाकरी माझी मी भाजणार. तिच्या हातचं नको.

विनोद : हॅलो? हो, मी वरूनच बोलतोय. नाही, येत नाहीत. पेशंट आजारी नाही, पेशंटला यायचं नाहीये. दोघांनाही. तुम्ही निघा. हो, मी कळवतो ऑफिसला. थँक यू.

लक्ष्मीदेवी : गेली?

विनोद : वळतेय. आई, तुझी चप्पल घाल. बिंदुमाधवकडे जाऊ. मंगळवारी काउंटरवर नवीन माणूस होता, त्याच्याशी मला बोलायचंय. मग समोरच्या बिल्डिंगमध्ये. जे जे हसले त्यांच्या दारात जाणार आहे मी. भांडायला नाही. शिकवायला. भांडावं लागलं तर भांडेन.

लक्ष्मीदेवी : तू शिकवणार? ती भाषा?

विनोद : दुसरं कोण आहे? तू अर्थ बदलून सांगतेस.

लक्ष्मीदेवी : बरं, बरं. पण यांना एकटं ठेवून दोघांनी कसं जायचं? तू बस यांच्याजवळ. बिंदुमाधवकडे मी जाऊन येते, मला कानडी तुझ्याहून बरं येतं. तू नापास झालेला.

विनोद : मी बसू? इथं?

लक्ष्मीदेवी : बस की स्वल्प, थोडा वेळ. खात नाहीत ते. अहो, मी जाऊन येते. हा आहे तुमच्याजवळ. हा कोण? नाव सांगा बघू. सकाळी प्रतिमानं घोटून घेतलंय तुमच्याकडून. वि...

विठ्ठलराव : वि... वि... रि...

विनोद : राहू दे, आई. नको छळूस त्यांना.

विठ्ठलराव : रि... रिलीफ.

लक्ष्मीदेवी : नाही हो, रिलीफ नाही. विनोद. विनोदकुमार. विनोद, तुला सांगते, पहाऱ्यावरच्या शिपायाला सोडवायला दुसरा येतो ना, त्याला म्हणतात...

विनोद : माहीत आहे, आई. तू जा. मी उभा आहे इथं.